क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेट, आठ महिने वापरून: मशीन चांगलंय, विकणाऱ्याचं फार ऐकू नका

आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबला हे कॅबिनेट, म्हणजे जंतूंचं काम ज्यात हात घालून करतात तो हवा गाळणारा डबा, येऊन आठ महिने झाले, प्रकार क्लास २ टाइप ए२, चार फुटी, रोज चार-पाच तास चालतंय त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आधी डेमोवाल्याबद्दल. तो छातीठोकपणे सांगत होता की हे घेतलं की तुमची लॅब बीएसएल-३ (बायोसेफ्टी लेव्हल, जंतूंपासून बचावाची १ ते ४ मधली पातळी) झालीच समजा. अहो लेव्हल खोलीची आणि कामाच्या पद्धतीची असते, डब्याची नाही. हेच कॅबिनेट बीएसएल-२ ला चालतं आणि ३ लाही, पण ३ साठी खोलीतली हवा कायम बाहेरून आत खेचली गेली पाहिजे, आपोआप बंद होणारी दोन दारं एकामागे एक पाहिजेत, आणि आमचं एकुलतं एक दार खाली फरशीला घासतं. टीबीचे जंतू वाढवायला तसली खोली लागते, आमचं काम साल्मोनेला न् स्टॅफ या जंतूंचं, २ मध्ये भागतं. इबोलावाली ४ म्हणजे तर हवा भरलेला सूट घालून काम, ती दुनियाच वेगळी.

आता मशीन. समोरून मिनिटाला साधारण १०० फूट वेगाने हवा पुढच्या जाळीत खेचते, वरून हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली हवा खाली सोडते, साधारण ७० टक्के आतच फिरते आणि बाकीची गाळून बाहेर. म्हणजे जंतू वाढवायची प्लेटही सेफ आणि आपणही. जुन्या लॅमिनारमध्ये (नुसती गाळलेली हवा सोडणारं टेबल) हवा सरळ आपल्या तोंडावर यायची, प्लेट स्वच्छ राहायची, आपलं काय ते देव जाणे, आणि त्यातच आम्ही कित्येक वर्षं सॅम्पल उघडले, आठवलं की अंगावर काटा येतो.

खरी गंमत सर्टिफिकेशनला, म्हणजे हवा नीट वाहते का त्या तपासणीला आली. इंजिनिअरने काचेच्या कडेला धूर सोडला, छान आत जात होता, आणि एसी चालू केला तशी एक शेपटी वळून बाहेर आली की! कॅबिनेट बरोबर एसीच्या झोताखाली ठेवलेलं, आम्हीच. दुसऱ्या भिंतीला हलवलं, मग हलवलं म्हणून टेस्ट पुन्हा, पैसे पुन्हा. त्यानेच सांगितलं हात आडवे झपकन फिरवू नका, जाळीवर कागद ठेवू नका, आत बर्नर तर अजिबात नको, ज्योतीने हवेचा पडदा फाटतो. आमच्या एका सीनियर मॅडमना बर्नरशिवाय अजून करमत नाही, त्यांना डिस्पोजेबल लूपचा (जंतू उचलायची, वापरून फेकायची काडी, ज्योतीत तापवावी लागत नाही) डबा आणून दिलाय.

तक्रारी म्हणाल तर फॅनचा आवाज दुपारनंतर डोक्यात जातो. जंतू मारायच्या यूव्ही ट्यूबचे वेगळे पैसे घेतले ते वायाच, पुसायचं काम काही सुटत नाही. काच जास्त वर केली की अलार्म बोंबलतो, पोरं वैतागतात, मला तो आवडतो. सर्व्हिसवाले फोन उचलतात पण यायला तीन आठवडे लावतात.

साडेतीन स्टार, आणि अर्धा कापलाय तो डेमोवाल्याच्या नावाने.