कोहा: महाविद्यालयीन ग्रंथालयात चार वर्षे वापरल्यानंतर

आमच्या ग्रंथालयात कोहा ही ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारी मुक्तस्रोत संगणक प्रणाली येऊन चार वर्षे झाली. ती आम्ही फुकट मिळते म्हणून घेतली नाही. आधीच्या खासगी सॉफ्टवेअरचा देखभाल करार संपला तेव्हा आमच्याच ग्रंथांच्या नोंदी परत मिळवण्यासाठी कंपनीने वेगळे पैसे मागितले, आणि त्या हाती आल्या तेव्हा मराठी शीर्षके जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असल्यामुळे पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसत होती. पुढचे सहा महिने आम्ही दाखल नोंदवही समोर ठेवून ती शीर्षके युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या समान संकेतप्रणालीत, पुन्हा टंकली.

कोहा मूळची न्यूझीलंडची. तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने ती १९९९ मध्ये तयार करून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आणली. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे ती कोणालाही वापरता येते, बदलता येते. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट, तीही परतफेडीचे भान ठेवून दिलेली.

देवघेव, दंड, आरक्षण ही रोजची कामे सुरळीत चालतात, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. खरा कस लागतो तो तालिकीकरणात, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी तयार करण्यात. इंग्रजी ग्रंथाचा आयएसबीएन हा ओळख क्रमांक टाकला की झेड ३९.५० या ग्रंथालयांमधील नोंदी शोधण्याच्या प्रमाणित पद्धतीमार्गे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद बहुधा तयार मिळते. मराठी ग्रंथाची नोंद मिळाली तरी ती रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली उच्चारचिन्हे लावून येते. अशा वेळी नोंदीत शीर्षकासाठी ठरलेल्या २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात देवनागरी शीर्षक आम्ही हातानेच भरतो, कारण ८९१.४६ या मराठी साहित्याच्या वर्गांकाच्या कपाटासमोर उभा असलेला विद्यार्थी रोमन लिपीत शोधणार नाही. देवनागरी शोधासाठी कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रणेत आयसीयू ही युनिकोड अक्षरे नीट हाताळणारी मांडणी सुरू करावी लागते. हे आम्हाला उशिरा कळले आणि तोवर वाचक 'पुस्तक सापडत नाही' म्हणून काउंटरवरून परत जात राहिले, याची मला अजून खंत वाटते. 'हिंदी' आणि 'हिन्दी' या दोन लेखनांचा मेळ आजही आपोआप बसत नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. परवाना शुल्क नाही, मात्र सर्व्हर लागतो आणि सर्व्हरवरची लिनक्स ही कार्यप्रणाली जाणणारा माणूस लागतो. ज्या महाविद्यालयाने शुल्काचे पैसे वाचवले पण असा माणूस नेमला नाही, तिथे कोहा पहिल्याच अद्ययावतीकरणाला अडखळेल. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील कोहावरील दृकश्राव्य पाठांची मालिका उत्तम आहे. आमच्या सहायकाने जवळजवळ सगळे काम तीच पाहून आत्मसात केले.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार शासकीय निविदांमध्ये मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य द्यायचे आणि तो वगळायचा असल्यास पुरवठादाराने कारण द्यायचे, असे ठरले आहे. अनुदानित महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांनीही हीच अट घालावी आणि तिच्यासोबत आणखी एक घालावी: नोंदी मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपात, युनिकोडमध्ये, मागता क्षणी विनाशुल्क मिळाल्या पाहिजेत.

कोहा रोज रात्री सगळ्या नोंदींची प्रत आपोआप काढून ठेवते. महिन्यातून एकदा ती प्रत मी दुसऱ्या संगणकावर चढवून पाहतो. शीर्षके देवनागरीत, जशीच्या तशी उघडतात.