बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी): पदवी वापरात आल्यानंतरचा अनुभव, आणि थोडं त्या चौथ्या रकान्याबद्दल

अभ्यासक्रमात काय काय असतं ते सांगत बसत नाही. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, प्रशासन, संशोधन, सामाजिक कृती हे माहितीपत्रकात सगळीकडे सारखंच छापलेलं असतं. मी लिहायला बसले ती चिडून. नोकरीच्या कागदपत्रांसाठी फील्डवर्कच्या, म्हणजे संस्थेत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाच्या, तासांचा दाखला मागितला, तर आमच्या कॉलेजने कळवलं की एका सत्राचे तास 'नोंदीत दिसत नाहीत'. ज्या मॅडम संस्थेत आमच्या हजेरीवर सही करायच्या, त्या सत्र संपायच्या आधी नोकरी सोडून गेल्या. शेवटच्या पानांवर सही नाही, म्हणजे आम्ही तिथे गेलोच नाही! त्या सत्राच्या रिपोर्टच्या जाडजूड वह्या माझ्याकडे आहेत. तारीख, वेळ, कोणाशी काय बोलणं झालं, सगळं त्यात आहे. पण तो पुरावा चालत नाही म्हणे.

तासांना महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीला मान्यता हवी तर विद्यार्थ्याचं किमान ४०० तास फील्डवर्क व्हावं लागतं, पदव्युत्तर पातळीला ९००. इंग्लंडमध्ये दिवस मोजतात: २००, त्यातले जास्तीत जास्त ३० कौशल्यांच्या सरावाचे. काहीतरी आकडा लागतोच. पण तास मोजणं सोपं, म्हणून तेवढंच मोजायचं हा शुद्ध आळस आहे. एकाच संस्थेत दोघी जातात. एक घरभेटी करते, दुसरी फायली लावते आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडते. रजिस्टरात दोघींचे तास सारखेच भरतात. काही संस्थांना विद्यार्थी म्हणजे बिनपगारी हातच वाटतात आणि कॉलेजला ते माहीत असतं. दुसरी संस्था शोधायचा खटाटोप नको म्हणून कोणी बोलत नाही.

वर्गातल्या तासांबद्दल थोडक्यात सांगते. व्यक्तिसहाय्यावरची बिस्टेक यांची सात तत्त्वं आणि पर्लमन यांची चौकट (व्यक्ती, समस्या, स्थळ, प्रक्रिया) दोन्ही १९५७ सालची, दोन्ही परीक्षेला हमखास. नोट्सवर पेपर निघतो. मानसशास्त्र बरं शिकवलं. कायद्याचा पेपर मात्र कलमं पाठ करण्यातच गेला, अर्ज कुठे द्यायचा आणि तो अडला तर पुढे कोणाकडे जायचं ते नोकरीत येऊन शिकले.

आता मुख्य मुद्दा. शिकत असताना विचारलं असतं तर या पदवीतला सगळ्यात वैतागवाणा भाग म्हणून मी प्रोसेस रेकॉर्डिंगचं नाव घेतलं असतं. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. पानाचे चार उभे रकाने पाडायचे. पहिल्यात बोलणं जसंच्या तसं, दुसऱ्यात तेव्हा आपल्याला काय वाटलं, तिसऱ्यात त्याचा अर्थ, चौथा सुपरवायझर सरांच्या शेऱ्यांसाठी. तासाभराच्या भेटीला अख्खी संध्याकाळ लिहिण्यात जायची. 'चर्चा केली, समुपदेशन केले' असं लिहिलं की वही परत यायची. चर्चा म्हणजे कोण काय बोललं?

माझ्या वहीतली एक नोंद देते, ओळख पटेल असं सगळं बदलून. मी: मुलगा शाळेत का जात नाही? आई: त्याला आवडत नाही. (थांबल्या. दाराकडे पाहिलं.) मी: शाळेचा दाखला आहे का? यावर चौथ्या रकान्यात सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं: 'दाराकडे पाहिलं हे टिपलंत. मग दाखल्यावर का गेलात? तेव्हा तुम्हाला काय नको होतं?' बस, एवढंच. सरांबरोबरच्या पुढच्या वैयक्तिक चर्चेचा सगळा तास त्या दाराभोवती गेला. घरात कोण येणार होतं, बाई कोणाच्या धाकात होत्या, आणि ती शांतता मला पेलवली नाही म्हणून मी कागदपत्रांकडे वळले का. तेव्हा मला हे अती वाटायचं. उगाच खोदत बसतात, असं मैत्रिणींशी बोलायचोही.

नोकरीत काही महिने गेल्यावर एका मुलीच्या प्रकरणात बैठक बसली. प्रश्न साधा होता: मुलगी नेमकं काय म्हणाली? फाईलमध्ये आधीच्या भेटीची नोंद होती, 'मुलगी घाबरलेली वाटली, घरचे वातावरण ठीक नाही.' कशावरून वाटली, ते कुठेच नाही, आणि लिहिणारा माणूस बदलून गेलेला. माझ्या भेटीच्या नोंदीत तिचं वाक्य होतं: 'काका आले की मी शेजारी जाऊन बसते.' माझा अंदाज त्याखाली वेगळा, अंदाज म्हणूनच लिहिलेला. बैठकीत पुढचा सगळा विचार त्या एका वाक्यावरून झाला. ही सवय मला कोणत्या पेपराने लावली नव्हती, त्या रकान्यांनी लावली. व्यक्तिसहाय्याचा पाया घालणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १९१७ सालीच पुरावा आणि अनुमान वेगळं ठेवण्यावर पानंच्या पानं लिहिली होती. आम्ही ते पाच गुणांची टीप म्हणून वाचलं होतं.

म्हणजे रेकॉर्डिंग उत्तम, असं सरसकट म्हणू का? नाही, आणि इथेच माझा कॉलेजवरचा राग परत वर येतो. वर दिलेले लाल शेरे एकाच सत्रातले आहेत. पुढच्या सत्रात सुपरवायझर बदलले आणि त्यांच्याकडे इतके विद्यार्थी होते की वहीवर फक्त 'पाहिले' आणि सही. वैयक्तिक चर्चेच्या तासाला सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि पुढच्या शिबिराची कामं वाटायचे. मी तेवढीच पानं लिहीत होते, तेवढाच वेळ जात होता. पण समोरून कोणी वाचत नाही हे कळल्यावर दुसरा रकाना आपोआप खोटा व्हायला लागतो. 'मला सहानुभूती वाटली' असं कोणत्याही भेटीला चालतं. शेवटी तर काही जणी भेटीला न जाताच संवाद रचायच्या. कोणाला पत्ता लागला नाही, लागणार कसा?

आणि तो 'पाहिले' शेरा मात्र कॉलेजला पुरावा म्हणून चालतो. मी विचारलं, त्या सहीवर तास धरता, मग सुटलेल्या सत्राच्या वह्यांवर सरांच्या हातचे इतके शेरे आहेत, ते का नाही? उत्तर आलं: 'तसा फॉरमॅट नाही.' या पदवीत माणसाचं म्हणणं कान देऊन ऐकायला शिकवतात. ऑफिसच्या खिडकीत बसणाऱ्यांना हा पेपर नसावा.

कामाच्या ठिकाणी आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरायचं असतं आणि भेटीच्या सारांशाला चार-पाच ओळींचीच जागा आहे. चार रकाने मावणार नाहीत. मी महत्त्वाची वाक्यं अवतरणचिन्हात टाकते, बाकी तोडते. सहकारी आधी हसायचे, आता त्यांतल्या दोघी तसंच भरतात.

प्रवेश घेणाऱ्यांनी निकाल, इमारत, नोकरी लागल्याच्या जाहिराती यांत फार अडकू नये. एका सुपरवायझरकडे किती विद्यार्थी असतात ते विचारा. आकडा नक्की सांगतील, कारण तो कागदावर असतो. मग दुसऱ्या वर्षातल्या कोणाला तरी बाहेर गाठा आणि मागच्या महिन्याची वही पाहू का म्हणून विचारा. पहिले तीन रकाने वाचू नका, तो त्या माणसांच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे, आणि चांगला विद्यार्थी ते झाकूनच दाखवेल. चौथा पाहा. तिथे प्रश्न लिहिलेले असतील तर फी भरा. नुसत्या सह्या असतील तर दुसरं कॉलेज बघा.