कोची, दुबई की डुसेलडॉर्फ? कोकणातल्या होडीवाल्याने कोणता बोट शो पाहावा

नवी होडी घ्यायची, तर आधी एखादा मोठा बोट शो बघून ये, असं सगळेच सांगतात. कुठला बघायचा हे कुणी सांगत नाही. मालवणजवळच्या देवबागला आमच्या दोन पर्यटक होड्या आहेत. त्यातली एक बदलायची ठरल्यापासून मी कोची, दुबई आणि जर्मनीतलं डुसेलडॉर्फ, तिन्ही ठिकाणी जाऊन आलो. यंदा ज्यांना एकाच ठिकाणी जाणं परवडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मुंबईचं आधी सांगून टाकतो, कारण जवळ म्हणून बरेच जण तिकडे वळतात. गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात इनमेक्स एसएमएम इंडिया हे प्रदर्शन वर्षाआड भरतं. ते मालवाहू जहाजं, जहाजबांधणी आणि बंदरांच्या धंद्याचं आहे. पंचवीस फुटी फायबर होडीच्या मालकाला तिथे फारसं काही मिळत नाही.

पहिला हिशोब हंगामाचा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात पर्यटक होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा वेळच वेळ असतो, पण यातला एकही शो तेव्हा नसतो. डुसेलडॉर्फचा ‘बोट’ जानेवारीच्या उत्तरार्धात, कोचीचा इंडिया बोट अँड मरीन शो साधारण जानेवारीच्या आसपास, दुबईचा बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे तिन्ही ऐन धंद्यात. 26 जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या की मालवण जेटीवर पाय ठेवायला जागा नसते. त्या चार दिवसांत होडी बांधून ठेवली, तर विमानाच्या तिकिटाएवढं उत्पन्न बुडतं. म्हणून डुसेलडॉर्फला जाणाऱ्याने नऊ दिवसांतले मधले, आठवड्याचे दिवस धरावेत. तेव्हा दालनांत गर्दीही कमी असते आणि माणसं निवांत बोलतात. दुबईच्या तारखा बघताना आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखही बघून ठेवा. ती देवीच्या कौलाने ठरते, त्यामुळे तिकीट आधी काढलं आणि जत्रा त्याच दिवसांत आली, असं होऊ शकतं.

दुसरा हिशोब पैशांचा. कोचीला रत्नागिरीहून नेत्रावती किंवा मंगला एक्सप्रेसने एका रात्रीत आणि पुढच्या अर्ध्या दिवसात पोचता येतं. पासपोर्ट नको, व्हिसा नको, तांडेलालाही, म्हणजे होडी चालवणाऱ्यालाही, सोबत नेता येतं. दुबई मुंबईहून तीन-सव्वातीन तासांवर आहे आणि तिथली खरी बचत राहण्याची. खेड, चिपळूण, दापोली, रत्नागिरी इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. चुलतभावाच्या खोलीवर गादी मिळाली की हॉटेलचा खर्च वाचतो.

डुसेलडॉर्फला हे काही नाही. शेंगेन व्हिसाचं शुल्क 90 युरो, 30,000 युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आणि अर्ज जाण्याच्या किमान पंधरा दिवस आधी. मी तर म्हणेन दोन महिने आधी करा. थेट विमान नाही. फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने सव्वा-दीड तास. शोच्या काळात शहरातली हॉटेलं इतकी महागतात की रेल्वेने अर्ध्या तासावरच्या कोलोनला राहणं परवडतं. प्रदर्शनाच्या दारापर्यंत यू-78 ही ट्राम नेते.

आता बघायला काय मिळतं ते. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण माझे स्वतःचे पैसे इथेच चुकीच्या दिशेने जाणार होते.

डुसेलडॉर्फचा शो 1969 पासून भरतो. सुमारे दीड हजार प्रदर्शक, दोन लाखांवर प्रेक्षक आणि सगळं छपराखाली. मोठमोठ्या यॉट ऱ्हाइन नदीतून आणून क्रेनने उचलून दालनात ठेवतात. बाहेर थंडीने बोटं आखडतात आणि आत कार्पेटवर बोटी उभ्या असतात. कोरड्यावर होडी बघण्याचा एक मोठा फायदा आहे. पाण्यात असताना जो भाग दिसत नाही, तो तळ पूर्ण दिसतो. तळाचा व्ही किती खोल आहे, पंखा किती खाली येतो, हे हाताने मोजता येतं. मी टेप घेऊन गेलो होतो आणि मोजू दिलं त्यांनी. पण तीच होडी लाटेवर कशी वागते, माणसं एका बाजूला आली की किती कलते, हे तिथे कळत नाही.

दुबई हार्बरला उलट आहे. बोटी पाण्यात तरंगतात. आधी बोलून वेळ घेतली, तर काही विक्रेते फेरीवर नेतात. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते असं, की तिथला समुद्र आपल्या ओळखीचा आहे. डोक्यावर ऊन तेच, खारट दमट हवा तीच. 1982 पासून बोटी बांधणाऱ्या गल्फ क्राफ्टसारख्या तिथल्या कंपन्यांना ताडपत्रीची सावली, उन्हात न तापणारा डेक, मिठाने न खाल्ले जाणारे बोल्ट याचा विचार करावाच लागतो. युरोपातल्या बऱ्याच बोटींवर माणसं उन्हात पहुडण्यासाठी गाद्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पर्यटक चढले की आधी सावली मागतात.

इंजिनाचंही असंच. आपल्याकडे अजून बऱ्याच होड्यांना कार्बुरेटरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, आहेत. देखभाल सोपी, वजन कमी, मिस्त्री गावातच मिळतो. युरोपात धुराच्या नियमांमुळे तशी नवी इंजिनं विकताच येत नाहीत, म्हणून डुसेलडॉर्फला दिसतात ती फोर-स्ट्रोक आणि विजेवरची. उद्या आपल्याकडेही हेच येणार असेल, तर आज बघून ठेवणं चांगलं. पण याच हंगामात इंजिन बदलायचं असेल, तर तिकडे जाऊन उपयोग नाही. कुठलंही इंजिन आवडलं की एकच प्रश्न आधी विचारा. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतली फिरती चकती, गोव्यात किंवा मुंबईत किती दिवसांत मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं, तर पुढे चला.

तिन्ही ठिकाणी उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे युरोपीय मानकाची पाटी. मनोरंजनाच्या बोटींवर बांधणाऱ्याची छोटी पाटी असते आणि तिच्यावर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. सी म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर सहापर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा. डी म्हणजे चार बोफर्टपर्यंतचा वारा आणि जेमतेम तीस सेंटीमीटरच्या लाटा, अर्थात शांत पाणी. त्याच पाटीवर किती माणसं आणि किती वजन तेही असतं. खाडीतल्या फेरीला डी चालेल, पण सिंधुदुर्ग किल्ल्याकडे किंवा डॉल्फिन बघायला बाहेर जाणाऱ्याने डीची होडी घेऊ नये. आपल्याकडे परवाना सागरी मंडळाच्या तपासणीनेच मिळतो, ही पाटी त्याला पर्याय नाही. पण विक्रेता सांगतो त्यापेक्षा ती खरं बोलते.

स्कूबावाल्यांसाठी माझं मत वेगळं आहे. तारकर्ली-मालवणात ज्यांचा डायव्हिंगचा धंदा आहे, त्यांनी एकदा डुसेलडॉर्फला जावंच. डायव्हिंगला तिथे वेगळी दालनं आहेत आणि टाक्या भरायचे कंप्रेसर शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. श्वासाच्या हवेसाठी तिथे ईएन 12021 हे मानक आहे. आपल्या टाकीतली हवा त्यात बसते का, ती कशी तपासायची, हे तिथले अभियंते समजावून सांगतात. पाहुण्याचा जीव त्या हवेवर असतो.

कोचीचा शो या दोघांच्या तुलनेत लहान. दीड दिवसात होतो. पण तिथे भेटतात ते इथल्या किमती, इथले कर आणि इथली सेवा देणारे लोक. परदेशी होडीवर आयात शुल्क, जीएसटी आणि क्लिअरिंग एजंटचा खर्च चढला की दुबईत स्वस्त वाटलेली होडी मालवणात स्वस्त राहत नाही. शिवाय कोची शहर हाच अर्धा शो आहे. एप्रिल 2023 पासून तिथे वॉटर मेट्रो चालते. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या विजेवरच्या बोटी, आवाज जवळजवळ नाही, धूर नाही. हायकोर्ट जेटीवरून वायपीनला जाऊन या, धक्क्याला लागताना बोट कशी वळते ते बघा. एक दिवस जास्त असेल तर वैकमला जा. जानेवारी 2017 पासून तिथे ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौर फेरीबोट रोज माणसं वाहते. डिझेलच्या भावाने गांजलेल्या माणसाने ती बघावीच.

म्हणून माझं सांगणं असं: पर्यटक होडीवाल्याने आधी कोची करावं. बजेट असेल आणि होडी खरोखर बाहेरून आणायची असेल, तर दुबई. डुसेलडॉर्फ डायव्हिंगवाल्यांनी, किंवा चार-पाच मालकांनी वर्गणी काढून एकाला पाठवावं आणि त्याने मापं, फोटो, किमती सगळ्यांसाठी आणाव्यात. जाणाऱ्याने चटकन काढता येणारे बूट घालावेत, कारण प्रत्येक बोटीवर चढताना ते काढावे लागतात.

दुबईत मला एक होडी फार आवडली होती. पांढरी शुभ्र, खोल तळाची, लाट कापत जाणारी. मी बयाण्यापर्यंत आलो होतो. रात्री आमच्या तांडेलाला फोनवर फोटो आणि मापं पाठवली. त्याने ड्राफ्टचा, म्हणजे होडी पाण्याखाली किती खोल जाते त्याचा, आकडा दोनदा विचारला आणि म्हणाला, “दादानू, ही ओहोटीक खाडयेच्या तोंडार टेकतली.” कर्ली नदीच्या मुखाशी वाळू दर पावसाळ्यानंतर जागा बदलते आणि ती कुठे आहे हे त्याच्याइतकं मला माहीत नाही. मी बयाणा दिला नाही. परत आल्यावर पहिलं काम केलं ते त्याच्या पासपोर्टचा अर्ज भरण्याचं.