बजेटमधील आरसी ड्रिफ्ट कार : काही महिन्यांच्या वापरानंतर

कमी खर्चातली ड्रिफ्ट कार, म्हणजे मागचा भाग घसरवत वळणे घेणारी रिमोटवरची (आरसी) छोटी गाडी, शोधू लागले की जाहिरातीत सर्वांत ठळक दिसतो तो वेगाचा आकडा, आणि ड्रिफ्टिंगसाठी त्याचाच उपयोग सर्वांत कमी. माझ्या १/१० आकाराच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतील साधी ५४० आकाराची ब्रश मोटर मी अजूनही बदललेली नाही, कारण कडक प्लॅस्टिकचे टायर गुळगुळीत जमिनीवर घसरवायला तेवढी ताकद पुरते. वरचे पैसे घालायचेच असतील तर ते सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर) आणि जायरो (गाडीचे फिरणे ओळखणारा सेन्सर) यांवर घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

तामियाच्या टीटी-०२डीसारखी चारही चाकांवर चालणारी गाडी जायरोशिवायही आटोक्यात राहते आणि नवख्याला लवकर जमते. योकोमो वायडी-२ किंवा एमएसटी आरएमएक्स यांच्या पद्धतीची मागच्या चाकांची गाडी मात्र जायरो नसेल तर थ्रॉटल दाबताच गरकन फिरते. पण एकदा जमली की तिचा घसरण्याचा कोन पाहून समाधान होते.

जायरो हा रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) आणि सर्व्हो यांच्या मध्ये जोडला जातो आणि गाडीची शेपूट सुटू लागताच पुढची चाके स्वतःहून उलट वळवतो. जोडणीनंतरची तपासणी सोपी आहे : गाडी हातात धरून तिचा मागचा भाग झटकन उजवीकडे फिरवावा, पुढची चाकेही उजवीकडेच वळली पाहिजेत, डावीकडे वळली तर जायरोची दिशा उलटी लागली आहे. बॅटरी जोडल्यावर पहिले काही क्षण गाडी अजिबात हलवू नये, कारण तेव्हा जायरो आपली स्थिर अवस्था ठरवत असतो. त्याची तीव्रता वाढवत जावे आणि सरळ धावताना पुढची चाके थरथरू लागली की थोडी मागे घ्यावी. ही तीव्रता रिमोटवरूनच बदलता येत असेल, तर जागा बदलल्यावर फार सोय होते.

गाडीसोबत आलेला सर्व्हो मंद होता, त्यामुळे जायरोचा इशारा चाकांपर्यंत उशिरा पोहोचत असे आणि गाडी नागमोडी हेलकावे खात असे. वेगवान सर्व्हो बसवताच तीच गाडी, तेच टायर आणि तोच जायरो असूनही हेलकावे जवळपास थांबले. चाके पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुरगुरत राहिला तर तो अडकून ताण घेत आहे असे समजावे आणि रिमोटवरून वळणाची मर्यादा कमी करावी.

टायर जमिनीप्रमाणे निवडावे लागतात. घोटलेल्या सिमेंटवर उत्तम चालणारा टायर कार्पेटवर तसाच वागेल असे नाही. धूळ तर सगळाच अंदाज चुकवते, म्हणून मी आधी जागा झाडून घेतो. पुढच्या चाकांना ठळक आणि मागच्यांना अगदी थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) ठेवला आहे, तर बॅटरी शक्य तितकी मागे सरकवल्याने मागच्या चाकांना पकड मिळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला हे कळत नाही.

दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. गाडी काही दिवस वापरायची नसेल तेव्हा मी प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतो.

इतक्या वापरानंतर झीज दिसते ती स्टिअरिंगच्या प्लॅस्टिकच्या बॉल जॉइंटमध्ये. चाक बोटांनी हलवले की बारीक खडखड जाणवते आणि तेवढ्या ढिलाईनेही जायरोची चाकांवरची पकड सैल होते. सध्या तेच सांधे बदलत आहे. मोटरची पाळी त्यानंतर.