गेमबॉयच्या कार्ट्रिजमधला जतन केलेला खेळ संगणकावर उतरवताना : कोणता मार्ग कोणासाठी?

निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी पोकेमॉनचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ १९९६ साली जपानात आले, तेव्हा खेळाडूने पकडलेले प्राणी, त्यांना हौसेने दिलेली नावे आणि खेळात घालवलेले तास हे सारे कार्ट्रिजमधल्या (म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीतल्या) ३२ किलोबाइटच्या एसरॅम चिपवर साठवले जात असे. ही चिप वीज तुटताच कोरी होते, म्हणून तिला सतत जागे ठेवण्यासाठी ३ व्होल्टचा एक चपटा सेल बोर्डावर कायमचा बसवलेला असतो. सेल संपला तरी खेळ सुरू होतो, सेव्हही झाल्यासारखा वाटतो. मात्र गेमबॉय बंद करून पुन्हा लावला की पडद्यावर ‘कंटिन्यू’ हा पर्याय उरलेला नसतो.

१९९९ सालच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तोच सेल खेळातले घड्याळही चालवतो, त्यामुळे हे खेळ नंतरचे असूनही त्यांचे सेल बहुधा आधी मान टाकतात. याउलट गेमबॉय ॲडव्हान्स या पुढच्या यंत्रावरच्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, विजेविना टिकणाऱ्या फ्लॅश चिपवर असतो आणि सेल केवळ घड्याळापुरता असतो, म्हणून अंतर्गत बॅटरी संपल्याची सूचना दिसली तरी खेळ शाबूत असतो. घाई करायची आहे ती पहिल्या दोन पिढ्यांच्या कार्ट्रिजसाठी. (आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमची ती ‘अमुक इतके गेम एकात’ छापाची कार्ट्रिजे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी निश्चिंत राहावे, त्यांत सहसा सेव्हची सोयच नसल्याने वाचवण्यासारखेही काही नसते.)

कोणतेही उपकरण विकत न घेता करता येण्याजोगा उपाय म्हणजे दोन गेमबॉय जोडणाऱ्या लिंक केबलने प्राणी दुसऱ्या कार्ट्रिजमध्ये पाठवणे. त्यासाठी दोन गेमबॉय आणि दोन कार्ट्रिजे लागतात, देवघेव एकास एक अशीच होते आणि पैसे, पदके, खेळलेले तास यांतले काहीच पलीकडे जात नाही. शिवाय दुसऱ्या कार्ट्रिजमधला सेलही तितकाच म्हातारा असतो. दोनचार लाडके प्राणी तेवढे वाचवायचे असतील तरच याचा विचार करावा.

दुसरा मार्ग म्हणजे कार्ट्रिज उघडून, गेमबॉय चालू ठेवून, सेल बदलणे. त्या वेळी एसरॅमला वीज गेमबॉयकडून मिळत असल्याने तत्त्वतः सेव्ह टिकतो. पण सेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेल्या असतात, सोल्डरिंग गनचे टोक जरा घसरले किंवा कार्ट्रिज खाचेत किंचित हलले की सारे संपते, आणि ते संपल्याचे नंतरच कळते. हात कितीही बसलेला असला तरी एकमेव प्रतीवर हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उरतात ती कार्ट्रिज वाचणारी यूएसबी उपकरणे, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे. ‘जीबी ऑपरेटर’ हे सर्वांत सुटसुटीत : कार्ट्रिज खाचेत बसवायचे, त्याचे स्वतःचे ॲप उघडायचे आणि सेव्ह उतरवून घ्यायचा, कार्ट्रिज नकली असल्याची शंका आली तर ते तसेही सांगते. मात्र आपण त्या ॲपच्या चौकटीत राहतो. ‘जोई ज्युनियर’ संगणकाला पेन ड्राइव्हसारखे दिसते, त्यामुळे सेव्ह फाइल ओढून फोल्डरमध्ये टाकली की काम झाले; ज्यांना नवे सॉफ्टवेअर बसवायचाच कंटाळा आहे त्यांना हे आवडेल. ‘जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू’ दिसायला साधे आहे, पण त्यासोबत चालणारे ‘फ्लॅशजीबीएक्स’ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या तिघांत मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण ते कार्ट्रिजचा प्रकार आणि सेव्हचा आकार नीट दाखवते आणि ‘गोल्ड’सारख्या खेळांत घड्याळाची वेळही सेव्हसोबत उतरवून घेऊ शकते. एक सावधगिरी मात्र हवी. मूळ गेमबॉयची कार्ट्रिजे ५ व्होल्टवर चालतात, तर ॲडव्हान्सची ३.३ व्होल्टवर, जुने, वापरलेले उपकरण घेत असाल तर व्होल्टेज आपोआप बदलते की हाताने बदलावे लागते हे आधी विचारून घ्यावे.

ज्यांच्याकडे गेमबॉयखेरीज सुपर निन्टेन्डो किंवा निन्टेन्डो ६४ चीही कार्ट्रिजे आहेत, त्यांच्यासाठी ‘सानी कार्ट रीडर’ हे वेगळेच प्रकरण आहे. त्याची रचना खुली आहे, ते अर्डुइनो मेगा या तयार मिळणाऱ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चालते आणि सेव्ह थेट एसडी कार्डावर उतरवते. एकाच गेमबॉय कार्ट्रिजसाठी एवढा व्याप करू नये, पण कपाट भरून संग्रह असेल तर तीन उपकरणे घेण्यापेक्षा हे एकच परवडते. यांपैकी काहीही परदेशातून मागवायचे झाल्यास सीमाशुल्क हिशेबात धरावे.

उपकरण कोणतेही घ्या, पहिल्या वाचनावर विसंबू नका. मावसभावाच्या ‘सिल्व्हर’चा सेव्ह मी उतरवला तेव्हा फाइल बरोबर ३२,७६८ बाइटची होती, म्हणून मी खूष होतो, पण फाइलमधला प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसते ‘एफएफ’, म्हणजे आत काहीच नाही. दोष ना उपकरणाचा होता, ना सेलचा. कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कानकोरण्याचा कापूस त्यावरून फिरवला तेव्हा तो चहाच्या रंगाचा झाला, आणि दुसऱ्या वाचनात प्राण्यांच्या माहितीचे आकडे दिसू लागले. तेव्हापासून मी प्रत्येक सेव्ह दोनदा वाचतो, दोन्ही फाइली ताडून पाहतो आणि त्यांतली एक एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर गेमबॉयची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून ‘कंटिन्यू’ दाबून बघतो. ‘सिल्व्हर’ला नवा सीआर२०२५ सेल बसवला तो त्यानंतरच, आणि मग फाइल परत कार्ट्रिजवर लिहिली. मावसभावाला घड्याळ तेवढे पुन्हा लावावे लागले.