रोमन चांदीच्या नाण्यावरची देवी ओळखायला 'ओसीआरई' कितपत कामाची?

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर', म्हणजे ओसीआरई, ही साइट मोफत आहे आणि तिच्यात इ.स.पू. ३१ ते इ.स. ४९१ पर्यंतचे नाण्यांचे प्रकार सापडतात. त्याआधीच्या, रोमन प्रजासत्ताकाच्या काळातला, शिरस्त्राण घातलेल्या रोमा देवीचा डिनेरियस (रोमन चांदीचं नाणं) मात्र इथे शोधत बसू नका. त्याची 'सीआरआरओ' ही वेगळी साइट आहे.

देवतेचा फिल्टर हीच ओसीआरईची खरी मजा, आणि घोळही तिथेच. थेट 'व्हिक्टोरिया' (विजयदेवी) निवडलं की नुसता ढीग पुढ्यात येतो. आधी डिनेरियस, मग सम्राट, आणि देवता सगळ्यात शेवटी.

तराजू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग धरलेली बाई एक्विटास (न्यायाची देवी) असेल किंवा मोनेटा (टांकसाळीची देवी). दोघींच्या हातात तेच, उभं राहणंही तसंच. फरक सांगतात ती कडेची अक्षरं: AEQVITAS की MONETA, म्हणजे देवनागरीत एक्विटास की मोनेटा. शिंग तेच पण तराजूऐवजी सुकाणू असेल तर फॉर्च्युना (भाग्यदेवी), आणि सापाला ताटलीतून भरवत असेल तर सालुस (आरोग्यदेवी). सम्राट ट्राजानच्या बऱ्याच नाण्यांवर तर देवीचं नावच नसतं, कडेने नुसत्या सम्राटाच्या पदव्या. तिथे हातातल्या वस्तूच बघाव्या लागतात. साइटवर नाण्यावरच्या अक्षरांच्या ('लेजंड') रकान्यात टाइप करताना 'यू'च्या जागी 'व्ही' घाला, नाहीतर हाती काहीच लागत नाही.

दक्षिण भारतातल्या साठ्यांत भरपूर सापडणारा सम्राट टायबेरियसचा डिनेरियस या फिल्टरची चांगली परीक्षा घेतो. नाण्याच्या मागच्या बाजूला बसलेली स्त्री लिव्हिया (टायबेरियसची आई) की पॅक्स (शांतिदेवी), यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. म्हणून तो PONTIF MAXIM (पाँटिफ मॅक्झिम) या अक्षरांनीच शोधावा.

प्रकाराच्या पानावर संग्रहालयांतल्या नाण्यांचे फोटो आणि वजनं मिळतात. ऑगस्टसच्या काळातला डिनेरियस साधारण ३.९ ग्रॅमचा, नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास तो ३.४ वर आणला. काही दुर्मीळ प्रकारांना फोटोच नाही. नाणं खरं की खोटं, किंमत किती, हे साइट सांगत नाही. कडेला हिरवट डाग दिसला तर आत तांबं असू शकतं. ते भिंगानेच बघायचं.