शाडू, पीओपी की कागदी? आधी बादलीचा विचार

घरीच बादलीत विसर्जन करायच्या आठ-दहा इंची गणपतीपुरतं बोलायचं, तर मूर्तिकाराला पहिला प्रश्न रंगाचा विचारा. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. गेरू, हळद किंवा पाण्यातल्या रंगांनी रंगवलेली असेल, तर बादलीत काही तासांत विरघळून खाली बसते. तिच्यावरच ऑइल पेंट नि वार्निश चढवलं की पाणी आत शिरत नाही. दुसऱ्या दिवशीही बाप्पा जसेच्या तसे.

शाडू जड आणि ठिसूळ. सोंड आणि बोटं आधी जातात, म्हणून मूर्ती पाटासकट उचलावी. विसर्जनानंतरचा गाळ मोरीत ओतलात तर पाइप तुंबलाच म्हणून समजा. कुंडीतही निव्वळ शाडू नको, पाणी धरून मुळं कुजतात. गाळ निथळून, वाळवून मूर्तिकाराला परत द्या. तीच माती भिजवून पुढच्या वर्षी पुन्हा मूर्ती होते. ही सोय बाकीच्यांत नाही, आमचं मत शाडूला पडतं ते यासाठीच.

‘शाडूची’ म्हणून पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती, गळ्यात मारतात. तळाच्या न रंगवलेल्या भागावर ओलं बोट घासा: शाडूचा चिखल बोटाला लागतो, पीओपीचा नाही.

पीओपी हलकं, स्वस्त, रेखीव. पण पाणी लागून घट्ट झालं की त्याचं जिप्सम होतं, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला आठशे-हजार लिटर पाणी! मूर्ती आधीच आणली असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत वापरा. प्लॅस्टिकच्या बादलीत मूर्ती बुडेल इतकं पाणी, त्यात मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट. दोन-तीन तासांनी ढवळत राहिलं की साधारण ४८ तासांत खाली खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. ते खतच, भरपूर पाणी घालून फुलझाडांना द्या, मूर्तीला रासायनिक रंग असतील तर भाजीला नको. रंगाचे पापुद्रे वेगळे काढा. लोक हटकून चुकतात ते दोन ठिकाणी: स्वयंपाकातला सोडा घालतात (तो सोडियमचा, इथे चालत नाही) आणि बादली बंद न्हाणीघरात ठेवतात. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून बादली गॅलरीत, झाकण न लावता.

कागदी मूर्ती गावी न्यायला किंवा परदेशी पाठवायला उत्तम. मात्र ती तरंगते, त्यामुळे वजन ठेवून बुडवावी लागते. नदीत टाकली तर लगदा कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. तेव्हा तीही बादलीतच, आणि लगदा गाळून ओल्या कचऱ्यात.